कोरोनाव्हायरस संसर्गोत्तर रोगप्रतिकारक्षमता

कोरोनाव्हायरस संसर्गोत्तर रोगप्रतिकारक्षमता : कोरोनाव्हायरस कुलातील एखाद्या व्हायरसाचा संसर्ग होऊन गेल्यावर त्याच व्हायरसाच्या पुढील आक्रमणास प्रतिरोध करण्याचे जे सामर्थ्य शरीरास प्राप्त होते, त्यास ही संज्ञा लावतात. रक्तातील प्रतिपिंडे (बाह्य पदार्थ शरीरात शिरल्यावर त्यास विरोध करण्यासाठी तयार होणारी विशिष्ट प्रथिने) हा या सामर्थ्याचा सर्वांत सहज मोजता येणारा घटक होय. त्यामुळे ‘प्रतिकारक्षमता किती काळ टिकते?’ हा प्रश्न व्यवहारात बहुधा ‘प्रतिपिंडे किती काळ टिकतात?’ अशा रूपात विचारला जातो. हे दोन प्रश्न एक नव्हेत. रक्तातील प्रतिपिंडे घटली म्हणजे संरक्षण संपले असे होत नाही. तसेच ती रक्तात आढळली म्हणजे पुन्हा संसर्ग होणारच नाही, असेही म्हणता येत नाही. २०२० नंतरच्या जागतिक साथीत या दोहोंची गल्लत अनेक ठिकाणी झाली.

मानवी कोरोनाव्हायरस : या व्हायरसांच्या पृष्ठभागावर गदेच्या आकाराची प्रथिनमय टोके असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ती सूर्याभोवतीच्या किरीटासारखी (तेजोवलयासारखी) दिसतात, म्हणून १९६८ मध्ये या गटास ‘कोरोना’ हे नाव देण्यात आले. माणसास बाधा करणारे सात प्रकार ज्ञात आहेत. त्यांपैकी २२९ई, ओसी४३, एनएल६३ (शोध २००४) व एचकेयू१ (शोध २००५) या चारांमुळे बहुधा साधे पडसे होते. उरलेले तीन गंभीर रोगास कारणीभूत होऊ शकतात : २००२–०३ मधील सार्सचा व्हायरस (८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू), २०१२ मध्ये सौदी अरेबियात प्रथम आढळलेला मेर्सचा व्हायरस आणि २०१९ च्या अखेरीस चीनमधील वूहान येथे उद्‌भवलेला कोविड-१९ चा व्हायरस.

प्रतिपिंडांची निर्मिती व ऱ्हास : व्हायरस शरीरात शिरल्यावर लसीका ग्रंथींतील (रोगजंतूंचा प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या कोशिकांच्या गाठींतील) बी लसीका कोशिका उद्दीपित होतात. त्यांची झपाट्याने विभाजने होतात व काहींचे प्लाझ्मा कोशिकांत रूपांतर होते. प्लाझ्मा कोशिका म्हणजे प्रतिपिंडे तयार करणारा कारखानाच म्हणावयास हरकत नाही. रोगलक्षणे दिसू लागल्यापासून साधारणतः एक ते दोन आठवड्यांत आयजीएम, आयजीए व आयजीजी या तिन्ही वर्गांची प्रतिपिंडे रक्तात सापडू लागतात. आयजीएम लवकर ओसरते. आयजीजी काही आठवड्यांत कमाल पातळी गाठते व पुढे घटू लागते.

ही घट रोगाचे किंवा दुर्बलतेचे लक्षण नव्हे. आयजीजी रेणूचे रक्तातील अर्धायुष्य (मूळ प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सु. २१ दिवस असते; म्हणजे वर्षानंतर रक्तात जे आयजीजी सापडते ते मूळ संसर्गाच्या वेळचे नसून नव्याने तयार झालेले असते. संसर्गाच्या ऐन भरात निर्माण झालेल्या प्लाझ्मा कोशिका बहुतांशी अल्पायुषी असतात. त्या मरून गेल्या की, प्रतिपिंडांची पातळी प्रथम वेगाने खाली येते. काही थोड्या प्लाझ्मा कोशिका मात्र अस्थिमज्जेत (हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतकात) जाऊन स्थिरावतात व अनेक वर्षे थोडी थोडी प्रतिपिंडे स्रवत राहतात. पहिल्या तीव्र उतारानंतर घट मंदावते ती यामुळे. एखाद्या तळ्याचे पावसाळ्यातील भरतेपाणी ओसरले, तरी तळाशी झरा असेल, तर ते कोरडे पडत नाही. प्रश्न झरा आहे की नाही व तो किती जोरकस आहे, एवढाच असतो.

याखेरीज दोन प्रकारच्या कोशिका मागे राहतात, ज्यांचा पत्ता रक्तातील प्रतिपिंडे मोजून लागत नाही. एक म्हणजे स्मृति-बी कोशिका. व्हायरस पुन्हा आल्यास काही दिवसांतच त्यांपासून नव्या प्लाझ्मा कोशिका तयार होतात. दुसऱ्या टी लसीका कोशिका. त्या व्हायरसास शरीरात शिरण्यापासून अडवीत नाहीत, परंतु बाधित झालेल्या कोशिका ओळखून त्यांचा नाश करतात व त्यामुळे रोग बळावत नाही.

गोवराशी तुलना : रोग एकदा झाला की जन्मभर होत नाही, ही लोकांची समजूत मुख्यतः गोवर व देवी या रोगांवरून रूढ झाली, आणि त्या रोगांपुरती ती बरोबरही होती. डॅनिश वैद्य पेटर पानुम यांनी फेअरो बेटांवरील १८४६ च्या गोवराच्या साथीचा अभ्यास केला. तेथे यापूर्वीची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती. ६५ वर्षांच्या अंतराने आलेल्या या साथीत बेटांवरील बहुसंख्य लोक आजारी पडले. परंतु १७८१ मध्ये गोवर झालेल्या वृद्धांपैकी एकासही तो पुन्हा झाला नाही. अलीकडील मापनेही याच्याशी जुळतात. अमेरिकेत काही व्यक्तींच्या रक्ताची २६ वर्षांपर्यंत तपासणी करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवराच्या प्रतिपिंडांच्या पातळीचे अर्धायुष्य २०० वर्षांहून अधिक, म्हणजे मानवी आयुर्मर्यादेच्या दृष्टीने अक्षय, निघाले. त्याच अभ्यासात लसीने निर्माण होणाऱ्या घटसर्पाच्या प्रतिपिंडांचे ते १९ वर्षे व धनुर्वाताच्या प्रतिपिंडांचे ११ वर्षे आढळले. (येथे एकेका रेणूचे नव्हे, तर निर्मितीसह एकूण पातळीचे अर्धायुष्य अभिप्रेत आहे.) कोरोनाव्हायरस या पंक्तीत बसत नाहीत.

पडशाच्या व्हायरसांवरील प्रयोग : इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे १९४६ ते १९९० या काळात सर्वसामान्य पडशाचे एक संशोधन केंद्र होते. निरोगी स्वयंसेवकांना सु. दहा दिवस वेगळे ठेवून त्यांच्या नाकात व्हायरसयुक्त द्रवाचे थेंब घालीत आणि पुढे काय होते ते पाहत. फुकट राहण्याजेवण्याची सुटी म्हणून कित्येकजण तेथे पुनःपुन्हा येत असत. डेव्हिड टिरेल व मॅल्कम बायनो यांनी मानवी कोरोनाव्हायरसाविषयीचे पहिले निष्कर्ष येथूनच १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. केंद्र बंद होण्याच्या सुमारास, १९९० मध्ये, तेथील एक छोटा परंतु फार बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. १५ स्वयंसेवकांना २२९ई हा व्हायरस देण्यात आला. १० जणांना संसर्ग झाला. त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे आठवड्यानंतर वाढू लागली, आणखी सु. आठवड्याने कमाल पातळीस पोहोचली व नंतर हळूहळू उतरली. वर्षानंतर ती मूळ पातळीपेक्षा किंचितच अधिक होती. तेव्हा पूर्वी संसर्ग झालेल्यांपैकी ९ जणांना तोच व्हायरस पुन्हा देण्यात आला असता ६ जणांना पुन्हा संसर्ग झाला. मात्र त्यांपैकी एकासही पडसे झाले नाही, आणि व्हायरस शरीराबाहेर टाकला जाण्याचा कालही पहिल्यापेक्षा कमी भरला. संसर्गापासूनचे संरक्षण व रोगापासूनचे संरक्षण या दोन निरनिराळ्या गोष्टी असून पहिले आधी ओसरते, हे तत्त्व या १५ माणसांत स्पष्ट दिसून आले होते. तीस वर्षांनी जगाला ते पुन्हा नव्याने शिकावे लागले.

नैसर्गिक परिस्थितीतील पुरावा अ‍ॅम्स्टरडॅम येथून मिळाला. तेथे दुसऱ्या एका रोगाच्या अभ्यासासाठी १९८० नंतरच्या दशकापासून दहा निरोगी पुरुषांच्या रक्ताचे नमुने दर काही महिन्यांनी साठवून ठेवलेले होते. २०२० मध्ये ते तपासले गेले. पडशाच्या चारही कोरोनाव्हायरसांचा संसर्ग या व्यक्तींना पुनःपुन्हा झालेला होता. सर्वांत कमी अंतर सहा महिन्यांचे होते. पुनःसंसर्गाचे प्रमाण १२ महिन्यांनंतर विशेष आढळले.

सार्स व मेर्स : सार्समधून बऱ्या झालेल्या चीनमधील १७६ रुग्णांच्या पाहणीत (२००७) प्रतिपिंडे सरासरी दोन वर्षे टिकली व तिसऱ्या वर्षी लक्षणीय घटली. सहा वर्षांनी केलेल्या दुसऱ्या पाहणीत २३ पैकी २१ जणांच्या रक्तात ती सापडली नाहीत. असे असूनही सिंगापूर येथे सार्समधून बऱ्या झालेल्यांत त्या व्हायरसास ओळखणाऱ्या टी कोशिका १७ वर्षांनंतर आढळल्या (२०२०). हा रोग २००४ नंतर पुन्हा पसरला नसल्याने या कोशिकांनी प्रत्यक्षात किती संरक्षण दिले असते, हे तपासण्याची वेळ सुदैवाने आली नाही. मेर्सच्या काही रुग्णांत प्रतिपिंडे ३४ महिन्यांनंतरही मिळाली आहेत.

कोविड-१९ : या रोगाविषयी जेवढी मापने झाली तेवढी दुसऱ्या कोणत्याही रोगाविषयी इतक्या अल्पावधीत झाली नसतील. आरंभीची वृत्ते परस्परविरोधी वाटत. २०२० च्या मध्यास चीनमधील एका पाहणीत लक्षणरहित बाधितांपैकी ४० टक्क्यांच्या रक्तातील आयजीजी काही आठवड्यांतच चाचणीच्या मर्यादेखाली गेल्याचे आढळले, आणि ‘प्रतिकारक्षमता दोन-तीन महिन्यांची’ अशी वार्ता सर्वत्र पसरली. त्याच वर्षी आइसलँडमध्ये बऱ्या झालेल्या १,२१५ व्यक्तींपैकी ९१ टक्क्यांत प्रतिपिंडे सापडली व चार महिन्यांत ती घटली नाहीत. हा फरक अंशतः रोगाच्या तीव्रतेचा (सौम्य संसर्गात प्रतिपिंडे कमी निर्माण होतात) व अंशतः चाचण्यांचा होता.

अमेरिकेतील सेंट लूइस येथे सौम्य रोग झालेल्या ७७ जणांचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण या वादात निर्णायक ठरले. पहिल्या चार महिन्यांत प्रतिपिंडे वेगाने घटली, नंतरच्या सात महिन्यांत घट मंद झाली आणि अकरा महिन्यांनंतरही ती मोजता येत होती. त्यांतील काहींच्या अस्थिमज्जेचे नमुने सात-आठ महिन्यांनी तपासले असता बहुतेक नमुन्यांत या व्हायरसाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा कोशिका मिळाल्या. तळ्याच्या तळाशी झरा होता. कॅलिफोर्नियातील १८८ रुग्णांच्या अभ्यासात स्मृति-बी कोशिकांची संख्या पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात अधिक भरली; म्हणजे प्रतिपिंडे उतरत असतानाच स्मृती दृढ होत होती. तथापि हा झरा फार जोरकस नसावा, असे नंतरच्या संशोधनाने सुचविले. लस घेतलेल्या (व काहींच्या बाबतीत संसर्गही झालेल्या) व्यक्तींच्या अस्थिमज्जेत इन्फ्ल्यूएंझा व धनुर्वात यांविरुद्धच्या दीर्घायुषी प्लाझ्मा कोशिका जशा मुबलक सापडतात, तशा कोविड-१९ च्या व्हायरसाविरुद्धच्या सापडत नाहीत.

प्रत्यक्ष संरक्षणाविषयी ब्रिटनमधील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या मोठ्या पाहणीत (२०२१) पूर्वी संसर्ग झालेल्यांना पुनःसंसर्गाचा धोका सरासरी सात महिन्यांपर्यंत ८४ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. १९ देशांतील ६५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मूळ व्हायरस तसेच अल्फा व डेल्टा या उत्परिवर्तित प्रकारांच्या पुनःसंसर्गापासून ४० आठवड्यांनंतर ७८.६ टक्के संरक्षण शिल्लक होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातून कळविल्या गेलेल्या ओमिक्रॉन प्रकाराच्या बाबतीत हाच आकडा ३६.१ टक्क्यांवर आला. परंतु ओमिक्रॉनपासून होणाऱ्या गंभीर रोगापासूनचे संरक्षण त्याच मुदतीत ८८.९ टक्के राहिले. सॉल्झबरीच्या पंधरा स्वयंसेवकांत दिसलेलेच हे चित्र होय, फक्त जगाच्या पटावर काढलेले.

या दोन संरक्षणांत एवढे अंतर का पडते, याचे संख्यात्मक स्पष्टीकरण ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये केले. व्हायरस निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांची बऱ्या झालेल्या रुग्णांतील सरासरी पातळी शंभर मानली, तर लक्षणयुक्त संसर्गापासून ५० टक्के संरक्षण मिळण्यास सु. २० एवढी पातळी लागते. गंभीर रोगापासून तेवढेच संरक्षण मिळण्यास सु. ३ पुरते. पातळी उतरत असताना पहिली मर्यादा लवकर ओलांडली जाते, दुसरी फार उशिरा. शिवाय गंभीर रोग होण्यास दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत स्मृति-कोशिका जाग्या होतात.

प्रतिकारक्षमता अल्पकाल टिकण्याची कारणे : गोवराचा व्हायरस श्वसनमार्गे शिरून रक्तावाटे सर्व शरीरात पसरतो व पुरळ उठेपर्यंत सु. दोन आठवडे जातात. या काळात स्मृति-कोशिकांना सज्ज होण्यास पुरेसा अवधी मिळतो व रोग होण्यापूर्वीच मोडला जातो. कोरोनाव्हायरस नाक व घसा यांच्या श्लेष्मकलेतच (बुळबुळीत अस्तरातच) वाढतो. त्याचा परिपाककाल (संसर्ग व लक्षणे यांमधील अवधी) थोड्या दिवसांचा असतो व तेवढ्यात तो दुसऱ्याकडे पोहोचलेला असतो. या जागी राखण करणारे प्रतिपिंड मुख्यतः स्थानिक आयजीए असून त्याची पातळी काही महिन्यांत ओसरते. रक्तात भरपूर आयजीजी असले, तरी दारावर पहारेकरी नाही अशी स्थिती येते.

दुसरे कारण व्हायरसाचे बदलते रूप. २२९ई च्या बाबतीत याची सुंदर परीक्षा झाली आहे. १९८० व १९९० च्या दशकांत साठविलेला मानवी रक्तरस (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) त्या काळच्या २२९ई व्हायरसास निष्प्रभ करीत असे. परंतु त्यानंतर आठ ते सतरा वर्षांनी आढळलेल्या त्याच व्हायरसाविरुद्ध तो बहुतांशी निरुपयोगी ठरला. प्रतिपिंडे तीच होती, व्हायरस पुढे गेला होता. कोविड-१९ च्या व्हायरसाने हेच स्थित्यंतर दोन वर्षांत घडवून आणले. टी कोशिका मात्र व्हायरसाच्या अनेक प्रथिनांचे तुकडे ओळखीत असल्याने अशा बदलांनी सहसा फसत नाहीत.

लोकसमूहातील पाहण्या : जुलै २०२० मध्ये मुंबईतील माटुंगा, चेंबूर व दहिसर या विभागांत झालेल्या रक्तपाहणीत झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के व इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. ऑगस्टमधील दुसऱ्या फेरीत हे आकडे अनुक्रमे ४५ व १८ आले. महिन्याभरात संसर्ग झालेल्यांची संख्या कमी होणे अर्थातच अशक्य आहे. नमुना निवडीतील फरक जमेस धरूनही, न्यूक्लिओकॅप्सिड (व्हायरसाच्या अंतर्भागातील) प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे काही चाचण्यांत लवकर सापडेनाशी होतात, हे ध्यानात घेतल्यावरच अशा आकड्यांचा अर्थ लागतो. झोपडपट्ट्यांतील संरक्षण त्या प्रमाणात गेले असते, तर २०२१ च्या दुसऱ्या लाटेचा पहिला तडाखा त्यांनाच बसता. प्रत्यक्षात महानगरपालिकेच्या नोंदींत नवे रुग्ण मुख्यतः इमारतींतून आढळले. (इमारतीतील लोक चाचणी अधिक करून घेतात, हेही विसरता येत नाही.)

याच्या उलट चूक ब्राझीलमधील मानाउस या शहराच्या बाबतीत झाली. तेथील रक्तदात्यांपैकी ४४ टक्क्यांत जून २०२० मध्ये प्रतिपिंडे होती. घटलेल्या प्रतिपिंडांची भर घालून ऑक्टोबरपर्यंत ७६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला असावा, असा अंदाज करण्यात आला. इतक्या प्रमाणात साथ आपोआप विझावयास हवी होती. जानेवारी २०२१ मध्ये मात्र गॅमा या नव्या प्रकाराची लाट येऊन रुग्णालयांतील ऑक्सिजन संपला व पुष्कळ रुग्ण दगावले. अंदाज मुळात काहीसा फुगलेला होता, पहिल्या संसर्गाची प्रतिकारक्षमता ओसरू लागली होती, आणि नवा प्रकार जुन्या प्रतिपिंडांना अंशतः चुकवीत होता व अधिक वेगाने पसरत होता, अशी कारणे यासाठी दिली जातात. बहुधा सर्वांचाच त्यात वाटा असावा. समूहाच्या प्रतिकारक्षमतेवर विसंबून साथ सोडून देण्याचा विचार त्या वेळी अनेक देशांत मांडला जात होता, हे लक्षात घेता मानाउसच्या रहिवाशांनी त्याची किंमत मोजली असे म्हणावे लागते.

प्रतिपिंड चाचणीचा उपयोग व मर्यादा : प्रतिपिंडे आढळलेल्या व्यक्तीस प्रवासाची व कामावर जाण्याची मोकळीक देणारी प्रमाणपत्रे द्यावीत, अशी कल्पना २०२० च्या आरंभी पुढे आली होती. अशा व्यक्तीस दुसरा संसर्ग होत नाही, याचा पुरावा उपलब्ध नाही, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २४ एप्रिल २०२० रोजी दिला. ऑगस्टमध्ये हाँगकाँग येथील एका ३३ वर्षीय पुरुषास १४२ दिवसांनी झालेला पुनःसंसर्ग व्हायरसाच्या जनुकीय तपासणीने सिद्ध झाला. दुसऱ्या वेळी त्यास कोणतीही लक्षणे नव्हती. विमानतळावरील नेहमीच्या तपासणीत तो सापडला.

भारतात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मे २०२० मध्येच स्वदेशी प्रतिपिंड चाचणी विकसित केली. राष्ट्रीय पाहण्यांसाठी तिचा मोठा उपयोग झाला. जून–जुलै २०२१ मधील चौथ्या राष्ट्रीय पाहणीत ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. पुढे जानेवारी २०२२ मधील ओमिक्रॉनच्या लाटेत संसर्ग सर्वदूर पसरला, पण मृत्यू दुसऱ्या लाटेच्या मानाने फार कमी झाले. समूहाचा अंदाज घेण्यासाठी चाचणी अशी उपयुक्त असली, तरी एखाद्या व्यक्तीच्या रक्तातील आकड्यावरून तिला पुढे किती महिने संरक्षण आहे, हे सांगता येत नाही. लस घ्यावी की नाही, किंवा वृद्ध व दुर्धर रोगी यांच्या सहवासात काळजी घ्यावी की नाही, हे त्यावरून ठरविणे योग्य नव्हे. चाचणी कोणत्या प्रथिनाविरुद्धची आहे, हेही पाहावे लागते. कोव्हिशील्डसारख्या लशीत व्हायरसाच्या केवळ टोकांच्या प्रथिनाची माहिती असते, त्यामुळे तिने न्यूक्लिओकॅप्सिडविरोधी प्रतिपिंडे उत्पन्न होत नाहीत. ती सापडल्यास संसर्ग होऊन गेला असे समजता येते. संपूर्ण मृत व्हायरसापासून बनविलेल्या कोव्हॅक्सिनने दोन्ही प्रकारची प्रतिपिंडे तयार होत असल्याने ती घेतलेल्या व्यक्तीत हा भेद करता येत नाही.